गोमेकॉचे मूळ नेमके कोणते? राजाचे इस्पितळ, मिझेरिकॉर्दिया, जेझुइट आणि 1842

तेरेखोलपलीकडे (प्रश्न)

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात वडिलांच्या उपचारांसाठी मला सावंतवाडीहून गोव्यातील बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात (गोमेकॉ) वारंवार जावे लागले. सिंधुदुर्गातील कुटुंबांना यात नवल वाटणार नाही, कारण आमच्याकडे दुखणे हाताबाहेर गेले की 'गोमेकॉला न्या' हेच पहिले वाक्य कानावर येते. तेथे बाकावर शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की हे इस्पितळ मुळात पाद्रींनी काढलेले असून ते अल्बुकर्कच्या काळापासून चालत आले आहे. घरी आल्यावर वाचन केले, तेव्हा स्थापनेचे वर्ष एके ठिकाणी 1842, दुसरीकडे 1963, तर आणखी एका लेखात थेट 16वे शतक असे सापडले. 'आशियातील सर्वांत जुने वैद्यकीय महाविद्यालय' असा उल्लेखही अनेकदा दिसतो.

एकाच संस्थेला इतकी जन्मवर्षे कशी असू शकतात, हे मला समजून घ्यायचे आहे. हे इस्पितळ खरोखर चर्चचे होते का, आणि असल्यास ते सरकारी केव्हा व कसे झाले? गोव्यातील हिंदू आणि स्थानिक ख्रिस्ती रुग्णांना तेथे पूर्वी प्रवेश मिळत होता का? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वडिलांच्या खाटेशेजारी रात्र काढताना या खाटा आधी कोणासाठी मांडल्या गेल्या असतील, हा विचार मनातून जात नव्हता.

दफ्तरवाचक

तुमच्या शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. 'पाद्रींनी काढलेले' हा शब्दप्रयोग मात्र बदलावा लागेल.

आफोन्सो दे अल्बुकर्कने 1510 मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतल्यानंतर जखमी आणि आजारी पोर्तुगीज सैनिकांसाठी जे इस्पितळ उभे राहिले, ते पोर्तुगालच्या राजाचे होते. त्याचे नावच 'ऑस्पितल रियाल', म्हणजे राजाचे इस्पितळ. जुन्या गोव्यात मांडवीच्या काठी, जहाजे बांधण्याच्या व दुरुस्तीच्या आरमारी गोदीजवळ ते होते आणि ही जागा हेतुपुरस्सर निवडलेली होती. लिस्बनहून निघालेली जहाजे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ समुद्रावर असत, आणि त्यांतून उतरणाऱ्या माणसांपैकी बरीचशी स्कर्व्ही, ताप व हगवण यांनी खंगलेली असत. जहाज ते खाट हे अंतर जितके कमी तितके बरे.

चालवणारे हात मात्र धार्मिक होते. 1540 च्या दशकात व्यवस्थापन सांता कासा दा मिझेरिकॉर्दिया या संस्थेकडे गेले. हिला 'चर्चची संस्था' म्हणणे सोपे असले तरी ती पाद्रींची नव्हती. 1498 मध्ये लिस्बन येथे स्थापन झालेला हा प्रतिष्ठित गृहस्थांचा धर्मबंधुसंघ होता. आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांची सोडवणूक, मृतांचे दफन ही दयेची कर्मे म्हणून तो करीत असे आणि त्याला राजाचे संरक्षण होते. पोर्तुगीज राज्यात जेथे जेथे नगर वसले तेथे तेथे ही संस्था पोहोचली. पुढे 16व्या शतकाच्या अखेरीस इस्पितळाची व्यवस्था जेझुइट या कॅथलिक पाद्रींच्या संघाच्या हाती आली. तेव्हाही मालकी राजाचीच राहिली आणि खर्चाचा मोठा भाग राज्याच्या तिजोरीवरच पडत होता. पूर्वेकडील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा आश्रयदात्याचा अधिकार पोपनेच मान्य केलेला असल्यामुळे, 'सरकारी' आणि 'धार्मिक' या दोन गोष्टी आपण आज जितक्या वेगळ्या समजतो तितक्या त्या काळात वेगळ्या नव्हत्या.

एक तपशील येथे सांगणे अगत्याचे आहे. फ्रान्सिस झेवियर मे 1542 मध्ये गोव्यात उतरला, तेव्हा त्याने मुक्काम केला तो याच इस्पितळात, आणि तेथूनच तो रुग्णांची व महारोग्यांची सेवा करण्यास जात असे. आज लाखो लोक ज्याच्या अवशेषांच्या दर्शनासाठी जुन्या गोव्यात येतात, त्याची गोव्यातील पहिली वस्ती इस्पितळात होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

आता वैभवाविषयी. फ्रांस्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी मालदीवमध्ये जहाज फुटल्यानंतर अनेक हालअपेष्टा सोसत 1608 मध्ये गोव्यात पोहोचला आणि आजारी अवस्थेत याच इस्पितळात दाखल झाला. त्याने जे लिहिले ते वाचून आजही थक्क व्हायला होते: चांदीच्या भांड्यांतून दिले जाणारे अन्न, स्वच्छ बिछाने, नेमाने फेरी मारणारे वैद्य. जगात याच्या तोडीचे इस्पितळ क्वचितच असेल, असे त्याचे मत होते. त्याच्या आधी दोन दशके गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने मात्र असे नोंदवले आहे की, या इस्पितळात दरवर्षी सुमारे 500 पोर्तुगीज मरतात. पुढे 17व्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत येथे 25,000 सैनिक मेले, असा आकडा त्या काळच्या पोर्तुगीज लिखाणात येतो. चांदीची भांडी आणि हे मृत्यू यांत मला विसंगती दिसत नाही. शुश्रूषा मनापासूनची होती, पण उपचार म्हणून हाती होते ते मुख्यतः शिरा उघडून रक्त काढणे, आणि सहा महिन्यांच्या प्रवासाने खचलेल्या देहातून रक्त काढले तर तो देह किती टिकणार? शिवाय जुन्या गोव्यातील सच्छिद्र जांभ्यातून मैला विहिरींत झिरपत असे, आणि हिवतापाने तर ते नगर शेवटी ओस पडले.

सासष्टीचा वाचक

दफ्तरवाचक यांचे विवेचन नेमके आहे, परंतु मूळ प्रश्नातील जो भाग विचारणाऱ्या ताईंना सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याला अजून उत्तर मिळालेले नाही. ते उत्तर कटू आहे. राजाचे इस्पितळ पोर्तुगीजांसाठी, आणि त्यांतही मुख्यतः सैनिकांसाठी होते. पिरारने ज्या बिछान्यांचे कौतुक केले, त्यांवर जुन्या गोव्याभोवतालच्या तिसवाडीचा शेतकरी कधी झोपला नाही. तो तेथे असलाच तर सेवक म्हणून होता.

स्थानिकांसाठी वेगळे इस्पितळ 1540 च्या दशकात सेंट पॉल महाविद्यालयाच्या आश्रयाने सुरू झाले, आणि पाउलो कामेर्ते या इटालियन जेझुइटाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पाद्रींचे इस्पितळ म्हणायचे असेल तर खरे म्हणजे याला म्हणावे. नवख्रिस्ती आणि ख्रिस्ती होऊ घातलेल्या लोकांची तेथे शुश्रूषा होई, औषधही मिळे, परंतु देह बरा करणे आणि धर्म बदलणे ही दोन कामे एकाच छपराखाली चालत होती, हे विसरून चालणार नाही. तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न 1541 मध्ये ज्या धर्मबंधुसंघाकडे वळवण्यात आले, त्याच्यातूनच हे महाविद्यालय उभे राहिले. ज्या गावाचे देऊळ गेले त्याच गावातील आजाऱ्याला त्या उत्पन्नावर पोसलेल्या संस्थेच्या दारात जावे लागणे, याला केवळ दया म्हणणे मला जड जाते. मात्र तेथे रात्रंदिवस रुग्णांची घाण काढणाऱ्या बंधूंची सेवा खोटी होती, असेही मी म्हणणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

बहुसंख्य गोवेकर तेव्हा जात होते ते आपल्या वैद्यांकडे, आणि गंमत म्हणावी की शोकांतिका, स्वतः पोर्तुगीजही त्यांच्याकडेच जात होते. 1567 च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्तेतर वैद्यांकडून औषध घेऊ नये असे ठरवले. त्यानंतर दीडेक दशकाने आलेला लिन्सखोतेन मात्र लिहितो की, व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठांतील पाद्री हे सारे आपल्या देशबंधूंपेक्षा या हिंदू वैद्यांवर अधिक विश्वास ठेवतात. पोर्तुगीज त्यांना 'पंडित' म्हणत. पुढे 1618 मध्ये नगर परिषदेने अशा परवानाधारक वैद्यांची संख्या 30 पर्यंत मर्यादित केली आणि त्यांना मुख्य राजवैद्यापुढे परीक्षा देणे बंधनकारक केले. बंदी घालून ती पाळता येत नाही असे दिसल्यावर परवाना पद्धत आणणे, हा राज्यकर्त्यांचा जुना मार्ग आहे.

भाषेतही याची खूण उरली आहे. 1543 मध्ये गोव्यात पटकीसारख्या (कॉलऱ्यासारख्या) रोगाची भयंकर साथ आली. तिचे वर्णन करताना पोर्तुगीज इतिहासकाराने रोगाचे नाव दिले ते इथल्या लोकांच्या तोंडचे, म्हणजे आपला 'मोडशी' हा शब्द. पोर्तुगीजमध्ये त्याचे 'मोर्देशीं' झाले, आणि फ्रेंचांनी तर त्यातून 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचा शब्द तयार केला. गार्सिया द ऑर्ताने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात या रोगाचे सविस्तर वर्णन केले आहे. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडाने होते तोच हा वैद्य. त्याने इथल्या वैद्यांकडून शिकलेल्या गोष्टी मोकळेपणाने नोंदवल्या, आणि त्याच्या मृत्यूनंतर 1580 मध्ये धर्मन्यायालयाने तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असे ठरवून त्याची हाडे उकरून जाळली. त्या काळात वैद्यक आणि धर्मसत्ता एकमेकांच्या किती जवळ राहत होत्या, हे यावरून कळते.

तेरेखोलपलीकडे

दोघांचेही मनापासून आभार. दोन वेगळी इस्पितळे होती, हे मला अजिबात ठाऊक नव्हते. मग आजच्या गोमेकॉचा धागा या दोहोंपैकी कोणाशी जुळतो? जेझुइट गेल्यानंतर काय झाले, आणि 1842 मध्ये नेमके काय स्थापन झाले? 'आशियातील सर्वांत जुने' हे विधान खरे मानावे का?

दफ्तरवाचक

धागा जुळतो तो राजाच्या इस्पितळाशी. पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याच्या राजवटीत 1759 मध्ये जेझुइटांना पोर्तुगीज साम्राज्यातून हद्दपार करण्यात आले आणि त्यांच्या संस्था राज्याने ताब्यात घेतल्या. 'इस्पितळ सरकारी केव्हा झाले' याचे उत्तर द्यायचेच असेल, तर हा क्षण सर्वांत जवळचा आहे, मात्र ते पुन्हा सरकारी झाले असे म्हणणे अधिक योग्य. तोवर जुने गोवे ओसाड होत चालले होते. इस्पितळही नगरातून निघाले आणि पणजीच्या वाटेवरील पणेली येथे गेले, आणि आता ते मुख्यतः लष्करी इस्पितळ म्हणून ओळखले जाऊ लागले. 19व्या शतकाच्या आरंभी, 1801 पासून, तेथे वैद्यकाचा वर्ग चालू झाला. लिस्बनहून वैद्य येण्यास तयार नसत, आलेले टिकत नसत. तेव्हा इथलीच मुले शिकवून तयार करावीत, हा साधा व्यवहार त्यामागे होता.

इस्पितळ पुढे पणजीतील माकिनेस वाड्यात आले आणि 5 नोव्हेंबर 1842 रोजी गव्हर्नर कोंद दास आंतास याच्या कारकिर्दीत 'एस्कोला मेदिको-सिरुर्जिका', म्हणजे वैद्यक-शस्त्रक्रिया शाळा, स्थापन झाली. पुढच्याच वर्षी पणजीला 'नोव्हा गोवा' या नावाने शहराचा दर्जा मिळाला. आजचे महाविद्यालय आपला जन्म सांगते तो या शाळेपासून.

'सर्वांत जुने' या विधानाबद्दल मात्र मी सावध राहीन. कलकत्ता आणि मद्रास येथील वैद्यकीय महाविद्यालये 1835 ची आहेत, आणि पाँडिचेरीतील फ्रेंचांची शाळा 1823 ची. 1842 हे वर्ष धरले तर गोवा यांच्यानंतर येते, मात्र मुंबईच्या ग्रँट महाविद्यालयाच्या तीन वर्षे आधी. 1801 चा वर्ग धरला तरच तो दावा उभा राहू शकतो. पण वर्ग आणि महाविद्यालय एक नव्हे. गोव्याचा इतिहास पुरेसा मोठा आहे, त्याला या बिरुदाची गरज नाही. (ग्रँट महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले भाऊ दाजी लाड हे मूळचे पेडण्यातील मांद्र्याचे. त्यांचे कुटुंब मुंबईस गेले म्हणून ते तेथे शिकले.)

पणजीच्या शाळेतून शिकलेल्या गोवेकर डॉक्टरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा वाटतो. त्यांतील अनेकजण मोझांबिक, अंगोला, तिमोर अशा वसाहतींच्या आरोग्य खात्यात गेले. परंतु पोर्तुगालमध्ये पूर्ण डॉक्टर म्हणून मान्यता हवी असेल तर त्यांना लिस्बन किंवा पोर्तो येथे जाऊन पुन्हा शिकावे लागे. गोव्यात शिकून आणि मग पोर्तोला जाऊन परत आलेले फ्रोइलानो द मेलो हे याचे उत्तम उदाहरण होय. पुढे ते याच शाळेचे संचालक झाले, हिवताप आणि महारोग यांविरुद्ध त्यांनी मोठे काम केले, आणि पणजीचे नगराध्यक्षपदही भूषवले. ज्या इस्पितळात गोवेकराला खाट मिळत नव्हती, तेथे गोवेकर संचालक झाला, या प्रवासाला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली.

हिंदूंच्या बाबतीत निर्णायक वळण 1910 चे. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, राज्य आणि चर्च कायद्याने वेगळे झाले, आणि हिंदूंना शिक्षण व सरकारी नोकरीत समान दर्जा मिळाला. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर या शाळेचे 1963 मध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रूपांतर झाले आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडले गेले. तुम्हाला सापडलेले 1963 हे वर्ष ते हेच. आता त्या मुंबई विद्यापीठाची जागा गोवा विद्यापीठाने घेतली आहे. बांबोळीच्या पठारावरील स्थलांतर 1993 मध्ये पूर्ण झाले.

सासष्टीचा वाचक

एका मुद्द्यावर मला वेगळे म्हणायचे आहे. गोमेकॉचा धागा राजाच्या इस्पितळाशी जुळतो हे कागदोपत्री खरे, पण आज गोमेकॉमध्ये सर्वांना मिळणारा मोफत किंवा अल्प दरातील उपचार हा त्या लष्करी इस्पितळाचा वारसा नव्हे. गरिबाला विनामूल्य औषध देण्याची परंपरा पाहायची असेल तर मिझेरिकॉर्दियाच्या दुसऱ्या शाखेकडे पाहावे लागेल. राजाचे इस्पितळ जेझुइटांकडे गेल्यावरही या संस्थेने गरिबांसाठी आणि महारोग्यांसाठी वेगळी इस्पितळे चालवली. पुढे तिचे इस्पितळ रायबंदरला, मांडवीच्या अगदी काठावर आले आणि मुक्तीनंतरही त्या इमारतीत रुग्णसेवा चालू होती. 1993 मध्ये तेथे व्यवस्थापनशास्त्राची संस्था सुरू झाली, म्हणून तरुण पिढीला ती इमारत त्या नावाने परिचित आहे.

आणि आमच्या मडगावचे हॉस्पिसियो विसरू नका. 1867 मध्ये आंतोनियो जुआंव द मिरांदा या गोवेकर पाद्रींनी ते निराधार आजाऱ्यांसाठी सुरू केले. राजाचा हुकूम नाही, लिस्बनचा पैसा नाही. गावोगावची देणगी आणि एका माणसाची चिकाटी यांवर ते उभे राहिले. मुक्तीनंतर ते सरकारी इस्पितळ झाले, तरी दक्षिण गोव्यात लोक ते 'हॉस्पिसियो' म्हणूनच ओळखत राहिले. म्हापशाच्या सरकारी इस्पितळाला बारदेसकर अजूनही 'आझिलो' म्हणतात. तोही मूळचा 'आसिलो', म्हणजे निराश्रितांचे आश्रयस्थान. दोन्ही इस्पितळे आता नव्या जिल्हा इस्पितळांच्या इमारतींत गेली आहेत, पण नावे लोकांनी सोडलेली नाहीत. तुमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या मनात 'पाद्रींचे इस्पितळ' म्हणून बहुधा हीच आठवण असावी.

माझी आजी हिंदू आणि शेणवी घरातली. तिचे पहिले बाळंतपण अवघड झाले तेव्हा तिला हॉस्पिसियोत नेले होते, आणि तिथल्या नन्सनी तिला तुळशीची माळ गळ्यातून काढू दिली नाही, तुमची आहे ती राहू द्या म्हणाल्या, असे ती शेवटपर्यंत सांगत असे. 16व्या शतकातील सेंट पॉलच्या इस्पितळापासून या माळेपर्यंत काहीतरी बदलले, एवढे निश्चित.

माजी विद्यार्थी, पणजी

मी 1970 च्या दशकात पणजीच्या जुन्या इमारतींत शिकलो. वॉर्डाच्या खिडक्यांतून मांडवी दिसत असे, आणि भरतीच्या वेळी बार्जेसचा आवाज थेट रुग्णांच्या खाटांपर्यंत येई. आता तेथे दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. ज्या व्हरांड्यात आम्ही फेरीची वाट पाहत उभे राहत असू, तेथे प्रतिनिधींची रांग लागते.

ताईंना सुचवावेसे वाटते की वडिलांची प्रकृती सुधारल्यावर, पुढच्या तपासणीला याल तेव्हा अर्धा दिवस अधिक काढा. बांबोळीहून पणजीत उतरून जुन्या गोमेकॉची इमारत आणि माकिनेस वाडा पाहा. मग 1630 च्या दशकात व्हाइसरॉय लिन्यारेसने बांधलेल्या लांबलचक पुलावरून रायबंदरला जा, मिझेरिकॉर्दियाच्या इस्पितळाची इमारत रस्त्याला लागूनच आहे. त्याच रस्त्याने पुढे पणेली लागते, आणि शेवटी जुने गोवे. राजाच्या इस्पितळाची वास्तू आता उभी नाही, पण त्याच परिसरातले सेंट कॅथरीनचे छोटे जांभ्याचे कपेल अजून आहे. हे इस्पितळ पाच शतकांत ज्या वाटेने नदीकाठाने सरकत आले, तीच वाट तुम्ही उलट चालाल, आणि ती सारी मिळून दहा-बारा किलोमीटरही भरत नाही.

तेरेखोलपलीकडे

वडिलांची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. सकाळची ओपीडी आटोपून आम्ही दोघे रायबंदरमार्गे जाऊ. वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना हे सर्व वाचून दाखवले, तेव्हा मोडशीच्या उल्लेखावर त्यांनी मला थांबवून तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. त्यांच्या आईच्या तोंडी तो शब्द होता, त्यानंतर त्यांनी तो ऐकलेला नव्हता.